उशाशी बस

१

सकाळी साडेनऊ वाजले की घरातली माणसं आपापल्या वाटेला लागत आणि तिचं ऑफिस उघडे. ऑफिस म्हणजे बाहेरच्या खोलीतलं टेबल. टेबलावर कंपनीचा लॅपटॉप, त्याच्या उजवीकडे चहाचा कप, डावीकडे ओलं लाळेरं. नवरा डबा घेऊन गेला होता. सासूबाई गुडघे दाखवायला दवाखान्यात निघाल्या होत्या.

"जाते गं. किल्ली विसरले तर बेल वाजवीन."

"तुम्ही विसरताच."

"म्हणून तर आधीच सांगून ठेवते."

पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी एक फरशी सुटली होती. पाय पडला की खट्ट वाजायची. ती बसवून घ्यायचं काम नवरा गेले आठ महिने ‘या रविवारी’ करणार होता. सासूबाई तिच्यावरून गेल्या, खट्ट झालं, दार लागलं. आतल्या खोलीत पाच महिन्यांची ठकी पाळण्यात झोपली होती आणि पाळण्याच्या कठड्याला डबी लावलेली होती.

ही डबी म्हणजेच तिची नोकरी. मुठीएवढी, पांढरी. बाळाचा श्वास ऐकते, मिनिटाला किती ते पडद्यावर दाखवते आणि आकडा पंधराच्या खाली गेला की कोकलते. शेहेचाळीस प्रसूतिगृहांत पाळण्यांना लागलेली. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण असल्या नावाने घरात कोण हाक मारणार? सासूबाई तर तिला ‘ते टिकटिकं’ म्हणत, आणि ते टिकटिक करत नाही हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मोठा आकडा बाळाचा. त्याच्या खाली एक बारका आकडा असे, तो मात्र कायम नऊ. बाळ झोपलं की खाली नऊ. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. नर्सनी विचारलंच, तर ‘माइकची खरखर आहे, लक्ष देऊ नका’ असं सांगायचं, अशी वरून आज्ञा होती. खरखर एवढी शिस्तीची कशी, असा प्रश्न तिला बाळंतपणाच्या रजेआधी एकदा पडला होता. रजेवरून आल्यापासून तिला प्रश्न पडायचे थांबले होते. प्रश्न पडायला आधी झोप पुरावी लागते.

डबीतली जुनी सिस्टीम काढून तिथे नवी आणायची, म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमसाठी पुन्हा बांधायचा, हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. टीमच्या मुख्याला सगळे मागून भोंगा म्हणत. भोंग्याच्या मते हे दोन दिवसांचं काम होतं. भोंग्याने स्वतः शेवटचा कोड लिहिला त्याला सात वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला सगळीच कामं दोन दिवसांची वाटत. त्याचा एक नियम होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता: त्याने मेसेज टाकला आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर तो होकार धरायचा. ‘आपल्याकडे वाट बघत बसत नाहीत,’ असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगे. या नियमापायी टीममधल्या अर्ध्या लोकांनी आंघोळीला जाताना फोन सोबत न्यायची सवय लावून घेतली होती.

आज तिसरा दिवस होता.

२

प्रोग्रॅम बांधताना आधी एकेक फाईल वेगळी भाषांतरित होते. प्रत्येक फाईल म्हणते, ‘पुढे मी अमक्याला बोलावणार आहे.’ तो अमका आहे की नाही हे तिला ठाऊक नसतं. शेवटी लिंकर नावाचा खवट कारकून येतो आणि हजेरी घेतो. बोलावणं आहे आणि माणूस नाही असं दिसलं की तो त्याचं नाव लाल अक्षरांत काढतो आणि सगळं काम थांबवतो.

पहिल्या दिवशी त्याने एक्केचाळीस नावं काढली होती.

मूळ प्रोग्रॅम लिहिणारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. ऑफिसात त्याला आजोबा म्हणत. या आजोबांनी सगळ्या फंक्शनांना मराठी नावं दिली होती आणि तीही इंग्रजी अक्षरांत. श्वास_मोज. गजर_दे. पडदा_पूस. वाचताना तिला दर वेळी चीड येई. शिकलेल्या माणसाने असं लिहावं? उद्या परदेशातल्या कुणी हा कोड उघडला तर काय समजायचं त्याने? मग आठवे, की परदेशातलं कुणीही हा कोड उघडणार नाही. तो उघडायची पाळी जगात फक्त तिच्यावर आली आहे. चिडीत थोडी भर पडे.

एक्केचाळिसातली तीस नावं नुसत्या क्रमाच्या चुकीने अडली होती. लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, उलट्या क्रमाने सांगितल्या होत्या. पूर्वीचा लिंकर ते समजून घ्यायचा, नवा असले लाड करत नव्हता. सहा नावं जुन्या सिस्टीमचीच होती, त्यांना नव्यात वेगळी नावं होती. चार ठिकाणी आजोबांनी एकच गोष्ट दोन फाईलींत वेगवेगळ्या प्रकारे जाहीर केली होती. ती तिने दुरुस्त केली आणि आजोबांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

आज दहा वाजता एकच नाव उरलं.

उशाशी_बस.

बोलावणारी फाईल: श्वास_मोज. ओळ: दोनशे एकोणीस.

तिने फाईल उघडली. फाईल दोनशे बारा ओळींची होती.

३

ती घाबरली नाही. घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि घाबरण्याचा तिचा रोजचा कोटा ठकीच्या शिंकेवर संपलेला असे. दोन सिस्टीम ओळी वेगवेगळ्या पद्धतीने संपवतात, त्यामुळे मोजणीत सात ओळींचा फरक पडू शकतो. पडतो का, हे तिला नक्की आठवेना. पडत असेल.

तिने सगळ्या कोडमध्ये ते नाव शोधलं. एकदाही सापडलं नाही. आधी बांधलेल्या सगळ्या तुकड्यांची घाण राहिली असेल म्हणून ते पुसून कोऱ्यावरून बांधलं. चाळीस नावं गपगुमान जागेवर बसली आणि शेवटी लाल अक्षरांत पुन्हा तेच. उशाशी_बस, ओळ दोनशे एकोणीस.

मग तिने जुना प्रोग्रॅम उघडून आतली यादी काढली. तिथेही ते होतं. पुढे शेरा: बाहेरून मिळेल.

याचा उलगडा तिला लगेच झाला आणि थोडं बरं वाटलं. जुनी सिस्टीम स्वभावाने ढिली होती. नाव सापडलं नाही तरी ती म्हणायची, चालू दे, प्रत्यक्ष बोलावणं होईल तेव्हा बघू. नवी सिस्टीम आधीच सगळ्यांची हजेरी मागते. एवढाच फरक. म्हणजे जुना प्रोग्रॅम चालायचा, पण उशाशी_बसला बोलावायची वेळ आली की कोसळायचा.

फक्त तो कधीच कोसळला नव्हता. शेहेचाळीस ठिकाणी, अकरा वर्षं.

म्हणजे एक तर त्याला कधी बोलावलंच गेलं नसणार. नाहीतर बोलावल्यावर कुणीतरी येत असणार.

दुसरा पर्याय मनात आला तसा तिने चहा संपवला. तो गार झाला होता. आजोबांचा नंबर तिच्याकडे होता. तिने मेसेज लिहिला: ‘नमस्कार. उशाशी_बस कुठे लिहिलं आहे? कोडमध्ये नाही. कृपया सांगावे.’ त्यातला ‘कृपया’ तिने दात आवळून लिहिला. मग भोंग्याला फोन लावला.

"एकच राहिलंय ना? मग बुजगावणं उभं कर आणि मोकळी हो."

बुजगावणं हा त्यांच्या टीमचा शब्द. नाव तेच, आत काही नाही. अंगरखा आहे, माणूस नाही. लिंकर येतो, लांबून बघतो, हजेरी लावतो आणि निघून जातो.

"पण ते काय करतं हे कळल्याशिवाय..."

"अगं, अकरा वर्षांत कुणाला कळलं नाही. तुलाच कशाला कळायला हवं? दोन वाजता पहिल्या सहा ठिकाणी पाठवायचंय. रजेवरून आल्यावर माणसं जरा हळू होतात, मी समजू शकतो."

त्याने समजून घेतलं हे तिला फार झोंबलं.

४

बुजगावणं तीन ओळींचं झालं. नाव, महिरपी कंस, कंसाचा शेवट. लिंकरने मुकाट्याने सही केली. ठकी उठली होती, तिला पाजून, ढेकर काढून पुन्हा झोपवलं. डबी टेबलावर आणून वायर लावली, नवा प्रोग्रॅम चढवला. चार मिनिटं लागली. डबी परत पाळण्याला लावली.

मोठा आकडा: चौतीस. खालचा: शून्य.

ती बघतच राहिली. अकरा वर्षांची खरखर तिने घालवली होती! आजोबांना जमलं नाही, भोंग्याला तर ती कशाची हेही कळलं नव्हतं, आणि तिने तीन रिकाम्या ओळींत कारभार आटोपला होता. रजेवरून आल्यावर माणसं हळू होतात म्हणे. तिने तपासणीच्या यादीत ‘डबी प्रत्यक्ष बाळावर तपासली’ या चौकटीत खूण केली. खरं तर नियमाप्रमाणे एक तास बघायला हवं होतं. तिने सहा मिनिटं बघितलं होतं.

दोन वाजता सहा प्रसूतिगृहांत नवा प्रोग्रॅम गेला.

दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दाराशी खट्ट झालं.

"आलात? डॉक्टर काय म्हणाले?" तिने मान न वळवता विचारलं.

सासूबाई रुसल्या की उत्तर देत नसत, आणि त्यांना रुसायला कारण लागत नसे. मग तिला आठवलं की बेल वाजली नव्हती. बाहेरचं दार बंद होतं आणि सासूबाईंची किल्ली खुंटीवर लटकलेली तिला जागेवरूनच दिसत होती.

खट्ट. आता उलट दिशेने. जाणाऱ्या पावलाचा आवाज आणि येणाऱ्याचा आवाज या फरशीवर वेगळा होता, घरातल्या सगळ्यांना तो ओळखू यायचा.

फरशी उन्हाने तापते, फुगते, वाजते. ती दुपार होती. ऊन होतं. ऊन त्या बाजूला येत नव्हतं, पण होतं.

खट्ट.

५

ती आतल्या खोलीत गेली. ठकी जागी होती आणि अजिबात रडत नव्हती. पाठीवर पडून, मान मागे टाकून उशाच्या बाजूला बघत होती. आईकडे बघत नव्हती. काहीतरी दाराकडून खिडकीकडे जात असावं तसे तिचे डोळे सावकाश सरकले आणि खिडकीपाशी थांबले.

डबीवर अठ्ठावीस. खाली शून्य.

जागं बाळ जास्त श्वास घेतं, कमी नाही. हे तिला पाठ होतं. बाळांबद्दलचं सगळं तिला पाठ होतं, चार पुस्तकं आणि सासूबाई मिळून. चोवीस. तिने ठकीला उचललं. बाळ गरम होतं, गाल लाल होते, पण अंग ढिलं, वाळत घातलेल्या झबल्यासारखं. बावीस.

फोन वाजला. आजोबा.

"पोरी, दुपारी झोपलो होतो. आत्ता पाहिला मेसेज. बांधलंस का तू ते?"

"हो. एक नाव सापडत नव्हतं, तिथे रिकामं..."

"बुजगावणं घातलंस?"

"हो."

मग म्हातारा अगदी साध्या आवाजात म्हणाला, "खालचा आकडा किती?"

"शून्य. ती खरखर होती ना, ती..."

"बाळ आहे ना तुला? कुठंय?"

ठकी तिच्या खांद्यावर होती आणि खांद्यावरून मागे बघत होती.

"हे बघ. मी ते आणलेलं नाही. ते आधीपासून यायचं, जिथे बाळं निजतात तिथे. मी फक्त त्याला बसायला सांगितलं. बसलं की नुसतं बसून राहतं, काही करत नाही. पुढे भोंग्याने त्या सात ओळी काढायला लावल्या, काय कामाच्या म्हणून. मी काढल्या. ओळी गेल्या, पण बोलावणं काही गेलं नाही. मी म्हटलं, बरंच झालं."

"आजोबा, हे काय बोलताय तुम्ही?" शिकलेल्या माणसाने असं बोलावं? असंही तिला म्हणायचं होतं.

"तुझं बुजगावणं मध्ये उभं आहे. त्यामुळे त्या येणाऱ्याला सांगणं पोचत नाही. बसायला सांगितलं नाही, की ते उभं राहतं."

"आणि उभं राहिलं की?"

फरशी वाजली. म्हाताऱ्याने ती फोनवर ऐकली असावी.

"जुनं चढव," तो म्हणाला. "आधी ते कर, मग मला शिव्या घाल."

६

चार मिनिटं. वायर टेबलाशी होती, टेबल बाहेरच्या खोलीत होतं आणि मध्ये ती फरशी होती. ठकीला डाव्या हातावर आणि डबी नि फोन उजव्या हातात घेऊन ती निघाली.

डबी आता पाळण्याला नव्हती. जिथे नेशील तिथलं ऐकत होती. दारात वीस आणि शून्य. पॅसेजमध्ये एकोणीस आणि शून्य. सुट्या फरशीपाशी खालचा आकडा एकदम नऊ झाला.

ती थांबली. समोर काही नव्हतं. भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. कॅलेंडरचं पान हलत होतं, पण पंखा चालू होता. तिची बुद्धी अजूनही ही असली कारणं पुरवत होती, न मागता, भोंग्याच्या मेसेजसारखी. तिने ती फरशी ओलांडली. अंगाला काही लागलं नाही. फक्त मागे खट्ट झालं, येणाऱ्या पावलाचं.

टेबलाशी बसून तिने फोन पलीकडे सरकवला आणि एका हाताने वायर लावली. जुना प्रोग्रॅम निवडला. नवं पुसायचं का, असं लॅपटॉपने विचारलं. खात्री आहे का, असं पुन्हा विचारलं. जगात इतक्या आस्थेने तिला कुणी काही विचारत नव्हतं. हो. हो.

वीस टक्के. ठकी अठरा. पन्नास टक्के. ठकी सोळा. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि डोळे आईच्या डाव्या खांद्याच्या वर, खूप वर, माणसाचं डोकं असतं त्याहून वर लागलेले होते. ऐंशी. चढवणं संपत आलं की पडदा क्षणभर बंद होतो. तो बंद झाला. आकडा दिसेना. तिने बाळाच्या छातीला कान लावला आणि ऐकत राहिली. आतापर्यंत जगात तिने कशाकशाला नावं ठेवली होती, ते सगळं तिला तेवढ्यात आठवलं.

डबी उजळली.

तेवीस. खाली नऊ.

सत्तावीस. नऊ. बत्तीस. नऊ. ठकीचे डोळे मिटू लागले. तिने खोल श्वास घेतला, तोंड आईच्या कोपरात खुपसलं आणि झोपली.

७

ती हसलीच जवळजवळ. मग तिच्या लक्षात आलं की डबी टेबलावर आहे, पाळणा आतल्या खोलीत आहे आणि तरीही नऊ आहे.

उशाशी बस, असं त्याला सांगितलेलं होतं. ठकीची उशी या घटकेला तिचा डावा दंड होता.

लॅपटॉपचा पडदा विझून काळा झाला होता. त्यात ती दिसत होती, केस विस्कटलेली, मांडीवर बाळ. डाव्या दंडाशी खुर्चीच्या हाताचं गादीचं आवरण होतं. त्याला मध्ये खळगा पडलेला होता, कुणीतरी टेकल्यावर पडतो तसा. तिने मान वळवून तिकडे बघितलं नाही. पडद्यात बघणंच पुरेसं होतं. खळग्याच्या वर, पडद्याच्या कडेला, तिच्या केसांपेक्षा काळं काहीतरी वाकून बाळाकडे बघत होतं. की लॅपटॉपची कडच होती ती. कडच असावी.

फोन उजळला. तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता, पण अक्षरं मोठी होती. भोंगा.

‘सहाही ठिकाणी चढलं. खालचा आकडा सगळीकडे शून्य! शाब्बास. उरलेल्या चाळीस ठिकाणी आत्ताच टाकतोय. काही अडचण?’

दोन वाजून एकोणपन्नास.

तिने उजवा हात लांब केला. वीतभर कमी पडला. ती कंबरेतून किंचित पुढे झाली.

तेहेतीस. शून्य.

एकतीस. शून्य.

उशी हलली की ते उठत होतं. ती मागे टेकली. नऊ.

तिने पुन्हा प्रयत्न केला, नुसत्या खांद्याने, बोटांनी, मग लॅपटॉपच्या दिशेनेही. शून्य. पॅसेजमधली फरशी नाही, तिच्या खुर्चीचा पाया करकरला. ती मागे झाली. नऊ.

दारावरची बेल वाजली.

"उघड गं! विसरलेच बघ किल्ली!"

सासूबाईंना ओरडून सांगता आलं असतं. त्यांच्याकडे फोन होता, फोनात भोंग्याचा नंबर नसला तरी नवऱ्याचा होता. तिने ओरडायला छाती भरून घेतली. शून्य झालं. तिने घेतलेला श्वास आवाज न करता हळूहळू सोडून दिला.

"अगं, झोपलीस की काय? टिकटिकं लावून ठेवलंय म्हणून काय घोरत पडायचं?"

दोन पंचावन्न. सहा प्रसूतिगृहांत आत्ता कुणीतरी नर्स खालचा शून्य बघून म्हणत असेल, बरं झालं, ती खरखर गेली. एखाद्या पाळण्यात बाळ जागं असेल, न रडता. डबी पंधराच्या खाली कोकलते. त्याआधी ती काही बोलत नाही. अठरा, सतरा, सोळा ती नुसतं मोजत बसते.

चाळीस ठिकाणचे पाळणे. एक दंड. कुठल्याही शाळेतल्या पोराला जमेल असा हिशोब होता, आणि ती इतकी शिकलेली होती.

ठकी झोपेत ओठ मुडपून हसली.

दोन सत्तावन्न. दोन अठ्ठावन्न. बेल थांबली होती. सासूबाई जिन्यावर बसून शेजारणीला सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि पहिल्यांदाच त्यांचं सगळं खरं होतं.

दोन एकोणसाठ.

ती हलली नाही.

फोन पुन्हा उजळला. ‘गप्प म्हणजे होकार,’ भोंग्याने लिहिलं होतं, आणि पुढे एक अंगठा.